चेंबरखालचा लाल प्लग

होंडा सिव्हिक टाइप आरच्या इंजिनच्या ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग म्हणजे सतरा नंबरचा पाना लागणारा साधा पोलादी बोल्ट. दिसायला त्यात काही नाही. किंमत दहा पौंडांच्या आतबाहेर, आणि त्याच्याखाली बसणारा ॲल्युमिनियमचा वॉशर पौंड-दोन पौंडांचा. ३२० पीएसच्या गाडीच्या पोटाखाली असला गरीब बोल्ट शोभत नाही, असं शौकिनांना वाटत असावं. मग बाजारात लाल, निळे, सोनेरी प्लग येतात. ‘बिलेट’, ‘रेस ग्रेड’, ‘सुपर मॅग्नेट’ अशी बिरुदं लावलेले, वीस-तीस पौंडांचे. माझ्या गाडीखाली त्यातलाच एक लाल होता. तो मी लावलेला नव्हता. गाडी जुनी घेतली, तिच्याबरोबर आला.

गाडी एफके८, म्हणजे २०१७ पासून स्विंडनच्या कारखान्यात बनलेली पिढी. इंजिन मात्र अमेरिकेतल्या ओहायोमधून, ॲना गावच्या होंडा कारखान्यातून जहाजानं येई. ३० जुलै २०२१ ला स्विंडनचा कारखाना बंद झाला आणि त्यानंतर या गाड्यांना भाव आला. मी विल्टशरमध्येच राहतो, त्यामुळे ‘आपल्या गावची गाडी’ असा एक हळवेपणाही व्यवहारात होता. विक्रेता खासगी माणूस. सर्व्हिसच्या पावत्या नीट फाइल केलेल्या, टायर चांगले, कुठं ओरखडा नाही. चेंबरखाली वाकून कोण बघतो? आणि बघितलं असतं तरी खालून पत्रा लावलेला असतो, तो काढल्याशिवाय काही दिसत नाही.

पहिल्या एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, गाडी पास झाली, पण खाली एक शेरा होता: ऑइल गळती आहे, फार नाही. मे २०१८ पासून एमओटीचे नियम बदलले. गळती जास्त असेल आणि त्यातून पर्यावरणाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल, तर तो मोठा दोष धरून गाडी नापास करतात. नुसता ओलावा असेल तर असा शेरा मिळतो. बरेच जण तो वाचून सोडून देतात. टर्बो इंजिनच्या बाबतीत असं सोडून देऊ नका. ऑइल कमी पडलं की पहिला बळी बहुधा टर्बोचाच जातो, कारण त्याचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असतो.

गॅरेजमध्ये गाडी वर चढवली. मेकॅनिकनं पाना लावला तेव्हा प्लग सुटला खरा, पण करकरत, वाळू भरल्यासारखा. बाहेर आला तो आट्यांमध्ये चांदीसारखी तार गुंडाळूनच. लेथवर कीस निघतो तशी ती तार होती, आणि ती प्लगची नव्हती, चेंबरची होती. आत दोन वॉशर निघाले. एक मागच्या कुठल्या तरी सर्व्हिसचा, चपटा होऊन चेंबरलाच चिकटलेला. त्याच्यावरच दुसरा चढवून प्लग आवळलेला. आणि प्लगच्या टोकाला जो ‘सुपर मॅग्नेट’ असायला हवा होता, तिथं नुसता गोल खड्डा आणि खड्ड्यात वाळक्या डिंकाचा पापुद्रा.

मॅग्नेट कुठं गेला, हा पुढचा प्रश्न. पोलादी चेंबर असता तर तळाला चिकटून बसला असता. ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही, म्हणजे तो आत कुठंही असू शकत होता. भोकातून एंडोस्कोप घालून शोधाशोध झाली, तेव्हा आतल्या एका पोलादी बोल्टच्या डोक्याला तो चिकटलेला दिसला. चेंबर तसाही उतरवायचाच होता, त्यामुळे मॅग्नेट हाताशी आला. तो मधोमध तडकलेला होता. हे मॅग्नेट काचेसारखे ठिसूळ असतात. एखादा कण ऑइल पंपात ओढला गेला असता तर हा लेख वेगळ्याच सुरात लिहावा लागला असता.

माझा मोठा भाऊ भोसरीच्या एमआयडीसीत टर्निंगचं वर्कशॉप चालवतो. त्याला फोटो पाठवले. फोन आला तो हसतच.

“रंग बघून बोल्ट घेतात होय रे तिकडं?”

“दादा, मी नाही लावला. आधीच्या मालकाचा आहे.”

“कुणाचा का असेना. ड्रॉइंग कुठंय त्याचं? मटेरियल कुठलं, आट्यांचा क्लास काय, मॅग्नेट किती डिग्रीपर्यंत टिकतो? माझ्याकडं गिऱ्हाईक साधी पिन करायला आलं तरी ड्रॉइंग घेऊन येतं.”

मग त्यानं मला अर्धा तास शिकवणी दिली. ती इथं माझ्या भाषेत देतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मर्म तिच्यातच आहे.

ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये ॲल्युमिनियमचा प्लग फिरवला की एकाच जातीचे दोन मऊ धातू एकमेकांना खातात. दाबाखाली घासताना दोन्हींवरचा ऑक्साइडचा पातळ थर फाटतो, उघडे पडलेले पृष्ठभाग एकमेकांत रुततात आणि सोडवताना दोन्हीकडचं मांस निघतं. मुलामा दिलेल्या पोलादी बोल्टचं असं सहसा होत नाही. रंगीत प्लगवर ॲनोडायझिंगचा कडक थर असतो, पण तो पातळ असतो आणि एकदा आट्यांच्या कडेला उडाला की खालचा मऊ धातू उघडा पडतो. ‘स्टेनलेस स्टील घ्या, गंजत नाही’ असंही कुणी सांगेल. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, पण मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियमशी त्याची जोडी जमली की ॲल्युमिनियम झिजतं. आणि ब्रिटनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठच पसरतात. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं तपकिरी सैंधव. ते चार महिने गाडीच्या पोटावर बसून असतं. टायटॅनियमचंही तेच. मोटरसायकलच्या रेसिंगमध्ये चार ग्रॅम वाचवायला त्याचा उपयोग असेल, पावणेचौदाशे किलोच्या गाडीला काय उपयोग?

आता आवळण्याविषयी. होंडाचा हा प्लग १४ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर पिचचा आहे आणि तो ४० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. ढोबळ हिशेब केला तर एवढ्या टॉर्कला बोल्टमध्ये १४ किलोन्यूटनच्या आसपास ताण येतो, म्हणजे जवळजवळ दीड टन. आटे ऑइलनं ओले असतील तर घर्षण घटतं आणि तेवढ्याच टॉर्कला ताण आणखी वाढतो. फोक्सवॅगनच्या कित्येक इंजिनांना हेच १४ गुणिले दीडचे आटे असतात, पण तिथं आकडा ३० आहे आणि वॉशर बोल्टलाच अडकवलेला असतो, त्यामुळे दर वेळी अख्खा बोल्ट नवा घालायचा. बीएमडब्ल्यूच्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला २५. सुबारूच्या जुन्या ईजे इंजिनाला २० मिलिमीटरचा प्लग, नव्या एफए इंजिनाला १६ चा. म्हणजे ‘सगळ्या सुबारूंना चालतो’ असं खोक्यावर छापलेलं दिसलं, की खोकं तिथंच ठेवून द्यावं.

माझ्या गाडीच्या प्लगबरोबर आलेल्या कागदावर टॉर्कचा आकडाच नव्हता. तो कागद आधीच्या मालकाच्या फाइलमध्ये सापडला. ‘घट्ट बसवा’ एवढंच. दोन वॉशर एकावर एक असल्यामुळे प्लग तेवढा वर राहिला, आटे कमी पकडले गेले, गळती सुरू झाली, आणि गळती थांबवायला कुणी तरी आणखी जोर लावला असणार. चेंबरचे आटे बहुतेक असेच जातात. गळतंय म्हणून आवळायचं, आवळलं म्हणून आटे जायचे.

तर मॅग्नेट. तो काहीच कामाचा नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याकडून काय मिळतं ते समजून घ्या. नियोडिमियमचा साधा, स्वस्त ग्रेड ८० अंश सेल्सियसपर्यंतच भरवशाचा असतो. इंजिन ऑइल साध्या हायवेवर ९०-१०० अंशांना असतं, ट्रॅकवर १२० च्या पुढं जातं. तिथं तो मॅग्नेट कायमचा दुबळा होत जातो. जास्त तापमानाचे ग्रेड मिळतात. १५०, १८०, २०० अंशांचे. समेरियम-कोबाल्टचे तर ३०० पर्यंत टिकतात. ग्रेड छापलेला नसेल तर स्वस्तातला आहे असं धरून चाला. आणि मॅग्नेट डिंकानं चिकटवलेला आहे की धातूच्या कडा दुमडून आत कैद केलेला आहे, हे पाहा. चिकटवलेला असेल तर नको.

मॅग्नेट पकडतो फक्त लोखंड. क्रँकच्या बेअरिंगवरचा तांब्याचा, कथलाचा, ॲल्युमिनियमचा थर गेला तर मॅग्नेट कोरडाच्या कोरडा राहील आणि तुम्ही समाधानानं गाडी पळवत राहाल. इंजिनच्या तब्येतीची खरोखर काळजी असेल तर प्लगचे तीस पौंड वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला खर्च करा. कुठला धातू दहा लाखांत किती भाग, ते कागदावर येतं. मॅग्नेटची खरी जागा मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये आहे. तिथं ऑइल फिल्टर नसतो आणि दातऱ्यांचा कीस पोलादाचाच असतो. म्हणून तर कित्येक कंपन्या गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग मुळातच मॅग्नेटवाला देतात.

दुरुस्तीला माझ्यापुढे तीन वाटा होत्या. मोठ्या मापाचा प्लग नव्यानं आटे पाडत बसवायचा. ही सगळ्यांत वाईट, कारण पुढच्या वेळी काही उरत नाही. दुसरी, भोक मोठं करून त्यात पोलादी इन्सर्ट बसवायचा, तारेचा किंवा भरीव बुशाचा. ही चांगली दुरुस्ती आहे, विशेषतः बुशाची. फक्त टॅपला ग्रीस लावून कीस बाहेर काढायचा आणि नंतर स्वस्त ऑइल ओतून आतून धुवून घ्यायचं, हे करणारा माणूस हवा. ऑइल अडवतो तो वॉशर, आटे नव्हेत. त्यामुळे वॉशर जिथं टेकतो तो पृष्ठभाग सपाट असेल तर इन्सर्टनं काही बिघडत नाही. माझ्या चेंबरचा तो पृष्ठभागच कुणी तरी स्क्रूड्रायव्हरनं खरवडलेला होता, बहुधा जुना वॉशर काढायच्या प्रयत्नात. म्हणून तिसरी वाट: नवा चेंबर. काही शे पौंड आणि सीलंट सुकेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये.

विक्रेता खासगी असल्यामुळे त्याच्याकडून वसुली होण्यासारखी नव्हती. खासगी विक्रीत गाडी सांगितल्याप्रमाणे असली की झालं, ‘समाधानकारक दर्जा’ची हमी कायदा व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालालाच देतो. गॅरेजच्या कामाचं वेगळं आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं काम वाजवी काळजीनं आणि कसबानं करणं गॅरेजवर बंधनकारक आहे. म्हणून पावतीवर ‘ऑइल सर्व्हिस’ एवढंच घेऊ नका. नवा वॉशर टाकला, ही ओळ वेगळी लिहून घ्या. होंडाच्या वॉशरचा पार्ट नंबर ९४१०९-१४०००. मी दोन-चार घरात ठेवतो आणि गाडी देताना एक हातात देतो. मेकॅनिकला त्याचा राग येत नाही, उलट गाडीवाला बघणारा आहे हे कळतं.

वॉरंटीची भीती घालून कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला ओढणारेही भेटतील. ब्रिटनमध्ये बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिस केली एवढ्यावरून वॉरंटी जात नाही. जून २०२३ पासून त्यासाठी ब्रिटनचा स्वतःचा आदेश लागू आहे. पण वेळापत्रक कंपनीचं आणि सुटे भाग त्याच तोडीचे हवेत. रंगीत प्लगची तोड सिद्ध करायची वेळ आली तर तुमच्या हातात काय असणार? घट्ट बसवा म्हणणारा कागद.

घरी काम करणाऱ्यांनी सहा कोनांचाच सॉकेट घ्यावा, बारा कोनांचा नको. इंजिन कोमट असावं. जुना वॉशर बाहेर आला का ते बोटानं चाचपावं. पहिले तीन-चार फेरे हातानं, आणि हातानं जात नसेल तर आटे वाकडे बसताहेत असं समजून परत काढावा. मग टॉर्क पाना, एक ‘टक्’, बस. दुसऱ्यांदा टक् करायचा मोह पुष्कळांना होतो. हवेची गन या बोल्टला कधीच नाही. गोल्फच्या काही मॉडेलना चेंबरही प्लास्टिकचा आणि प्लगही प्लास्टिकचा असतो, २०१८ नंतरच्या काही व्ही८ मस्टँगनाही. तो प्लग पाहून नाक मुरडू नका. गोल्फवर दर वेळी नवा घाला. त्या जागी धातूचा घातला तर झिजायचा तो चेंबर झिजेल.

खटका दाबला की ऑइल सोडणारे व्हॉल्व्हही मिळतात. जपानी फुमोतो किंवा जर्मन स्टालबससारख्यांचा दर्जा चांगला असतो, वरचेवर ऑइल बदलणाऱ्या व्हॅनला ते सोयीचे आहेत. पण काही व्हॉल्व्ह प्लगपेक्षा खाली लोंबतात, आणि इथले स्पीड हंप कायद्यानं १०० मिलिमीटरपर्यंत उंच असू शकतात. बसक्या गाडीला मी तरी लावणार नाही.

राहिला प्रश्न ट्रॅकचा. कासल कूमच्या ट्रॅकवर जाणारे मित्र म्हणतात, रेसवाले बाहेरचेच प्लग वापरतात की. वापरतात, आणि त्यामागं एक सबळ कारण आहे. मोटरसायकलच्या रेसमध्ये प्लगला तार बांधणं सक्तीचं असतं, म्हणजे तो ढिला झाला तरी फिरून गळून पडत नाही आणि मागच्याच्या चाकाखाली ऑइल येत नाही. त्यासाठी डोक्याला भोक असलेला प्लग विकत मिळतो. पण कंपनीच्याच पोलादी बोल्टच्या डोक्याला कोपऱ्यातून दीड मिलिमीटरचं भोक पाडलं आणि तार आवळण्याच्या दिशेनं ओढून बांधली, तरी काम तेच होतं. दादानं मला दोन बोल्ट असे भोसरीहून करून पाठवले. मजुरी घेतली नाही, पण सोबत दोन्हींचं ड्रॉइंग होतं.