कूलंट पातळीचा इशारा दिवा : दोष ओळखण्याचा योग्य क्रम

जबलपूरच्या बडा फुहारा परिसरासारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत वाहन अत्यंत संथ गतीने पुढे सरकते. वेग नसल्याने रेडिएटरला समोरून पुरेसा वारा मिळत नाही आणि उन्हाळ्यात इंजिन थंड राखण्याचा भार प्रामुख्याने पंखा व कूलंटवर पडतो. अशा वेळी कूलंट पातळीचा दिवा लागल्यास तो खरा की सदोष, हे क्रमाने ठरवावे.

काट्यावर विसंबू नये
पातळी फार खालावल्यास तापमानाचा सेन्सर द्रवाबाहेर उघडा पडतो व इंजिन तापलेले असूनही काटा कमी तापमान दाखवू शकतो. त्यामुळे केवळ काटा सामान्य आहे म्हणून दिवा खोटा मानणे धोक्याचे ठरते.

तपासणीचा क्रम
१. वाहन सुरक्षित जागी, सपाट जमिनीवर उभे करून इंजिन बंद करावे.
२. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत टाकीचे किंवा रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील कूलंट उसळून गंभीर भाजते.
३. पातळी ‘मिन’ व ‘मॅक्स’ खुणांच्या दरम्यान आहे का, ते डोळ्यांनी पाहावे.
४. पातळी कमी असल्यास उत्पादकाने सुचविलेले कूलंट भरावे आणि होजपाइप, क्लॅम्प, वॉटर पंप व रेडिएटर येथे गळती शोधावी. पुन्हा पुन्हा भरावे लागणे हे गळतीचेच लक्षण होय.
५. पातळी योग्य असूनही दिवा कायम राहिल्यास दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक.

सदोष दिव्याची कारणे
अनेक टाक्यांत चुंबकयुक्त तरंगता फ्लोट व स्विच असतो. गाळ साचल्याने फ्लोट तळाशी अडकतो. कनेक्टरच्या पिना गंजतात. उंदीर वायर कुरतडतात. टाकी व कनेक्टर स्वच्छ करून मल्टिमीटरने स्विच तपासावा. काही स्विच पातळी घटल्यावर जुळतात, तर काही तुटतात. म्हणून वाहनाची पुस्तिका प्रथम पाहावी.

फ्लोट वरच अडकल्यास पातळी घटूनही दिवा लागत नाही. हा दोष अधिक घातक आहे. म्हणून दिवा लागो वा न लागो, दर आठवड्याला टाकी पाहावी. त्रास टाळण्यासाठी वायर तोडणे किंवा बल्ब काढणे कटाक्षाने टाळावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी
ट्रॅक्टर देखभाल प्रशिक्षणात हा क्रम प्रत्यक्ष दाखवावा. इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट चवीला गोड परंतु विषारी असते. सांडलेले कूलंट त्वरित पुसावे. ते गुरांच्या पाण्यात, विहिरीजवळ वा नाल्यात जाऊ देऊ नये.