वाळवंटातील उंटवान

उंट कसा निर्माण केला गेला हे पाहण्याचे आवाहन कुरआनच्या सूरह अल्-गाशियामध्ये आहे. ज्यांचे सारे आयुष्य उंटांच्या सोबतीने गेले, त्या आपल्या विस्मृत बांधवांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

१८६० साली कराचीहून चोवीस उंट व त्यांचे उंटवान ऑस्ट्रेलियातील मेलबर्न बंदरात उतरले. (कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती.) बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी त्यांना नेले होते. १८६६ मध्ये टॉमस एल्डर यांनी शंभराहून अधिक उंट आणि एकतीस उंटवान मागवले. ते बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर अशा निरनिराळ्या भागांतले; पण तिकडे सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले.

त्या मुलखात पाण्याअभावी घोडे-बैल हतबल होत. दमदार उंट सहाशे किलोपर्यंत ओझे घेऊन तेथून पार होई. १८७० ते १८७२ या काळात खंडाच्या आरपार तारायंत्राची वाहिनी टाकली गेली, तिचे सामान उंटांनी वाहिले. कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींना पीठ व पाणी, दूरच्या मेंढवाड्यांना रसद, परतताना लोकरीचे गठ्ठे, हे सारे याच काफिल्यांनी पोहोचवले. वस्ती टिकली ती या रसदीवर.

या माणसांनी दीन सोडला नाही. मारी गावी त्यांनी मातीच्या विटांची साधी मस्जिद बांधली. १८८८-८९ मध्ये अॅडलेड शहरात दगडी मस्जिद उभी राहिली. मारी येथे मात्र रेल्वेरुळाच्या एका बाजूला गोरे राहत, तर दुसऱ्या बाजूला उंटवान आणि तेथील आदिवासी. बायकामुले मायदेशी राहिलेली. कित्येकांनी आदिवासी स्त्रियांशी निकाह केले, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत.

१९०१ च्या स्थलांतरबंदीच्या कायद्याने आशियाई लोकांना दार बंद झाले, १९०३ च्या कायद्याने नागरिकत्वही नाकारले. ज्यांच्या श्रमांवर देश वसला, त्यांनाच त्यात वाटा नव्हता! मोटारी आल्यावर उंट निरुपयोगी ठरले. १९२५ च्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील कायद्याने मोकाट उंट मारण्याची मुभा दिली. पोटच्या पोरांसारखी वाढवलेली जनावरे गोळीला देण्याऐवजी अनेकांनी ती रानात सोडली. आज तेथील रानउंट त्यांचेच वंशज.

काम संपल्यावर काही वृद्ध उंटवान अॅडलेडच्या मस्जिदीलगतच्या खोल्यांत राहू लागले. त्या मस्जिदीत आजही नमाज होते.