जुन्या पेट्रोल पिकअप गाडीचे दोष व त्यांची परीक्षा

भाजीपाला, फुलें व दूध हा माल कोणासाठीं थांबत नाहीं. पहाटे भरलेली गाडी वेळेवर बाजारांत पोंचली तर मालास भाव येतो. तीच गाडी दोन तास अंगणांत अडून राहिली तर माल मिळेल त्या दरानें टाकावा लागतो. यासाठीं ज्या शेतकऱ्याजवळ जुनी गाडी आहे, त्यास तिचे सामान्य दोष ओळखतां येणें हें पिकावरील कीड ओळखण्याइतकेंच अगत्याचें आहे. आपल्याकडे जीप गाड्यांची जुळणी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईस सुरू झाली. त्या धर्तीच्या, सुमारें २.२ लिटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाच्या गाड्या अजूनही कांहीं शेतांवर राबत आहेत. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच गाडीचा विचार करणार आहों. डिझेल गाड्या किंवा अलीकडील इंजेक्शनच्या गाड्या यांस हें विवेचन लागू नाहीं.

गाडी चालू झाली नाहीं कीं प्रथम कार्ब्युरेटर खोलावयाचा, अशी पुष्कळांची रीत आहे. ती सोडून द्यावी. इंजिनास तीन गोष्टी लागतात : पुरेशा वेगानें फिरणें, योग्य वेळीं पडणारी ठिणगी, आणि पेट्रोल व हवा यांचें प्रमाणशीर मिश्रण. ह्या तिन्ही गोष्टींची परीक्षा याच क्रमानें करावी, व एका वेळीं एकच बदल करावा. दोन-तीन ठिकाणीं एकदम हात घातला म्हणजे मूळ दोष कोणता होता हें कधींच कळत नाहीं.

फिरण्याची परीक्षा.—सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन दिवे मंदावत असतील, तर दोष बहुधा बॅटरींत किंवा तिच्या जोडांत असतो. जोडांवर पांढरा-हिरवा क्षार बसला असल्यास तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें तो धुवावा. मात्र तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. इंजिनापासून सांगाड्यास जाणारी जमिनीची पट्टीही घट्ट आहे कीं नाहीं तें पाहावें. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखवील तर ती निम्मी रिकामी समजावी. बॅटरीजवळ विडी किंवा काडी पेटवूं नये, कारण तींतून निघणारा वायु स्फोटक असतो. हँडल मारण्याचा प्रसंग आल्यास अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनानें उलट झटका दिल्यास अंगठा किंवा मनगट मोडतें.

ठिणगीची परीक्षा.—एक प्लग काढून तो त्याच्या तारेस जोडावा, व त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवून सेल्फ मारावा. तार कोरड्या रबरानें धरावी, आणि प्लग कार्ब्युरेटरपासून व प्लगाच्या मोकळ्या भोकापासून दूर ठेवावा. निळी, कडक ठिणगी पडली तर ठीक. पिवळी व क्षीण पडली किंवा मुळींच पडली नाहीं तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढावें. पावसाळ्यांत त्यांत ओल धरते. कोरड्या फडक्यानें पुसल्यानेंच कित्येक गाड्या चालू होतात. त्यानंतर पॉइंट पाहावे. त्यांतील फट सुमारें अर्धा मिलिमीटर व प्लगाची पाऊण मिलिमीटर असावी. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. तारा काढल्या असल्यास १, ३, ४, २ या क्रमानेंच परत लावाव्या.

काढलेला प्लग स्वतःही पुष्कळ सांगतो. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जातें. पांढराफटक असेल तर कमी जातें. आणि ओला असेल तर इंजिनांत पेट्रोल तुंबलें आहे. तुंबलेलें असल्यास चोक पूर्ण उघडावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा, आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा व मग मिनिटभर त्यास विश्रांति द्यावी. अ‍ॅक्सिलरेटर वारंवार दाबणें हें येथें अगदीं उलट काम करतें.

पेट्रोलची परीक्षा.—इंजिन बंद ठेवून हवेची गाळणी काढावी व कार्ब्युरेटरच्या गळ्यांत पाहात अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हातानें हलवावा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटींत पेट्रोल आहे. उडाली नाहीं तर कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडवून तिचें तोंड बाटलींत धरावें, कॉइलची तार काढून ठेवावी व सेल्फ मारावा. ठोक्याठोक्यानें धार आली तर पंप निर्दोष असून वाटीच्या सुईंत अडथळा आहे, किंवा पंपाचा पडदा दमलेला असला तरी धार क्षीण येते हें ध्यानांत धरावें. मुळींच धार न आल्यास टांकीचें झांकण उघडावें. उघडतांना हवा आंत ओढल्याचा आवाज झाला व नंतर पेट्रोल वाहूं लागलें, तर झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे. तसें नसल्यास गाळणी व पंपाचा पडदा पाहावा. वैशाखांत तापलेली गाडी थांबून पुन्हां चालू होत नसेल तर नळींत पेट्रोलची वाफ झालेली असण्याचा संभव असतो. पंपावर ओलें फडकें टाकून थोडें थांबावें.

कार्ब्युरेटर.—येथवर दोष न सांपडल्यासच तो खोलावा. बाहेर पेट्रोल गळत असेल तर सुईखालीं कचरा अडकला आहे किंवा फ्लोटास भोंक पडलें आहे. फ्लोट कानाजवळ हलविल्यास आंतील पेट्रोलचा आवाज येतो. चोक ओढल्यावांचून गाडी चालत नसेल तर जेट तुंबला आहे, किंवा तळाच्या गॅस्केटमधून हवा शिरते. मंद चालींत त्या सांध्याभोंवतीं साबणाचें पाणी लावावें. चालींत फरक पडला तर गॅस्केट बदलावी. जेट हवेच्या झोतानें साफ करावा, तारेनें कदापि नाहीं; छिद्र किंचित् वाढलें तरी प्रमाण कायमचें बिघडतें. मंद चालीचा स्क्रू हलक्या हातानें बसेपर्यंत आंत न्यावा व एक-दीड फेरा बाहेर घ्यावा. शेवटची जुळणी गरम इंजिनावर करावी.

उसाचा अल्कोहोल व जुनी गाडी.—आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचा उपक्रम २००३ सालीं ५ टक्क्यांपासून कांहीं राज्यांत सुरू झाला. २०२२ सालीं १० टक्के व २०२५ सालीं २० टक्के मिश्रणाची मजल गांठली गेली. ऊस पिकविणाऱ्यास यांत लाभ आहे. परंतु त्याच्याच दारांतील जुन्या गाडीचें रबर व बूच यांस हें मिश्रण सोसत नाहीं. तें पाणी शोषून घेतें, टांकींतील जुना गंज सोडवितें व जुन्या जेटांतून जातांना मिश्रण क्षीण करतें. म्हणून नळ्या, पंपाचा पडदा व सुईचें टोंक इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीं घ्यावीं, पहिले कांहीं महिने गाळणी वारंवार पाहावी, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असल्यास वाटी रिकामी करून ठेवावी.

शेवटीं आगीविषयीं. कार्ब्युरेटरच्या गळ्यांत पेलाभर पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची रीत फार घातक आहे. इंजिनाचा एक उलट फटका पेटलेलें पेट्रोल बाहेर फेंकतो, व जवळ कडब्याची गंजी असल्यास गाडीबरोबर गोठाही जातो. गाडी उघड्यावर आणून काम करावें, वाळूची बादली हाताशीं ठेवावी, पेट्रोल तोंडानें ओढूं नये, व पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारूं नये. वरील परीक्षांची एक छोटी वही गाडींत ठेवून कोणत्या दिवशीं काय दोष सांपडला व काय बदललें हें लिहीत जावें. मिस्त्रीकडे जाण्याची वेळ आल्यास ती वही त्याच्या हातीं द्यावी. त्याचा वेळ व आपला खर्च दोन्ही वांचतील.