फॅटी लिव्हर आणि जनुकीय अहवाल

यकृतात चरबी साठण्यामागे खाणेपिणे, पोटाचा घेर आणि मधुमेह यांच्याबरोबर अनुवंशिकतेचाही हात असतो. त्यातले सर्वांत ठळक जनुक पीएनपीएलए३. त्याच्या प्रथिनात १४८व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन आले, की ते प्रथिन मेदाच्या थेंबांवर साचून राहते आणि चरबी फोडण्याचे काम अडते. जनुकीय अहवालात ही जागा आरएस७३८४०९ या क्रमांकाने सापडते. तिथे ‘जीजी’ असेल तर आई आणि वडील दोघांकडूनही जोखमीची प्रत आलेली असते. अमेरिकेत डॅलस येथे झालेल्या अभ्यासात (२००८) अशांच्या यकृतात, ही प्रत नसलेल्यांपेक्षा दुपटीहून अधिक चरबी आढळली.

अहवालातली लाल खूण पाहून काही जण हाय खातात, काही जण हिरवी पाहून आहे तेच चालू ठेवतात. दुसरी चूक अधिक महाग पडते. आणि लाल खूण म्हणजे अटळ नशीब नव्हे: हाँगकाँगमधील एका अभ्यासात तर आहार-व्यायाम सुधारल्यावर ‘जीजी’ गटातच चरबी जास्त उतरली.

भारतीयांच्या बाबतीत एक दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०१० साली भारतीय वंशाच्या ९५ निरोगी पुरुषांचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एपीओसी३ जनुकात बदल असलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना फॅटी लिव्हर, बदल नसलेल्यांत एकालाही नाही! इतका स्वच्छ निकाल पाहूनच खरे तर शंका यावी. पुढच्याच वर्षी डॅलसच्या कितीतरी मोठ्या गटात हा संबंध दिसला नाही. तेव्हा अहवालातला दावा किती लोकांवरून केला आणि पुन्हा कुठे पडताळला गेला, हे आधी विचारावे.

यकृत किती निबर झाले, हे जनुके सांगत नाहीत. त्यासाठी साध्या रक्ततपासणीवरून फिब-४ काढता येतो: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दोन लाख असतील तर २४९६ भागिले १६००, म्हणजे १.५६. आकडा १.३च्या खाली असेल तर धोका कमी (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात), २.६७च्या वर गेला तर तज्ज्ञाकडे जावे. मधल्यांनी फायब्रोस्कॅन करून घ्यावे.

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे ‘लिव्हरला हळद चांगली’ हा सल्ला इथे न मागता मिळतो. भाजीतल्या हळदीबद्दल तक्रार नाही. कॅप्सूलची गोष्ट वेगळी: त्यात अर्क असतो, आणि तो अंगी लागावा म्हणून अनेकदा मिऱ्यातले पिपेरिनही. अमेरिकेत हळदीच्या अशा उत्पादनांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद २०२२मध्ये प्रसिद्ध झाली; पाच जणांना दवाखान्यात भरती करावे लागले, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ ही जनुकीय खूण होती. म्हणून ती तपासत बसण्याचे कारण नाही. कॅप्सूल घेत असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे, आणि लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर ती थांबवून लगेच एसजीपीटी तपासावे.