मुलाची शस्त्रक्रिया आणि आईबापांची तयारी

पाठ : मार्क 5:21-43

मिरजेस डॉ. वानलेस यांनीं 1894 सालीं इस्पितळ उघडलें, तेव्हांपासून आमच्या भागांतील मंडळ्यांस शस्त्रक्रिया अपरिचित राहिली नाहीं. आज कोल्हापुरांत राजारामपुरीच्या गल्ल्यांतूनही पुष्कळ इस्पितळें आहेत, आणि खेड्यापाड्यांतील आईबाप तेथें मुलांस घेऊन येतात. कोणाच्या मुलास अंतर्गळ असतो, कोणाचा ओठ फाटलेला असतो. डॉक्टर आपलें काम जाणतात. परंतु आईबापांचेंही एक काम आहे, व तें दुसऱ्या कोणाच्यानें होणारें नाहीं. याईराच्या घरीं प्रभूनें जें केलें त्यावरून तें आम्हांस शिकतां येतें.

1. गलबला बाहेर घालवावा. रडून ओरडून आकांत करणाऱ्यांस प्रभूनें प्रथम बाहेर काढिलें. आमच्या घरांतही असा आकांत असतो. फाटल्या ओठाचें मूल जन्मलें कीं, “ग्रहणांत आईनें विळी हातीं घेतली,” असा दोष तिच्या माथीं मारितात. ग्रहणाचा याशीं कांहींएक संबंध नाहीं. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत ओठाचे भाग नीट जुळले नाहींत म्हणजे हें व्यंग राहतें. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं विचारिलें तेव्हां प्रभूनें दोष त्याजवरही ठेविला नाहीं, त्याच्या आईबापांवरही नाहीं (योहान 9:1-3). ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास करितात. तो काळ दोष शोधण्यांत दवडूं नये. 2013 सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशा मुलांच्या तपासणीची व मोफत उपचाराची सोय आहे. अंगणवाडींत चौकशी करावी.

2. आईबापांनीं जवळ राहावें व खरें बोलावें. प्रभूनें मुलीच्या आईस व बापास आपणाबरोबर आंत नेलें. इंग्लंडांत 1959 सालीं प्लॅट समितीनें लहान मुलांजवळ आईस राहूं द्यावें अशी शिफारस केली. आमच्या आया खाटेजवळून हालत नाहींतच. पण जवळ बसून पुष्कळदां खोटें बोलतात. “जत्रेला जाऊं,” म्हणून मुलास निघवितात, “कांहीं दुखणार नाहीं,” असें सांगतात. मग मुलाचा विश्वास डॉक्टरांवरूनच नव्हे, आईवरूनही उडतो. लहानग्यास एकदोन दिवस आधीं व मोठ्यास आठवडाभर आधीं साध्या शब्दांत सांगावें : “डॉक्टर तुला भूल देतील. तूं झोपशील, तेव्हां कांहीं कळणार नाहीं. जागा झालास कीं थोडें दुखेल. त्यावर औषध मिळेल. आम्ही तेथेंच असूं.” खोडी केल्यास सुई टोंचवूं, अशी धमकी कधींही देऊं नये.

3. अन्न वेळेवर द्यावें. मुलगी उठल्यावर तिला खावयास द्या, असें प्रभूनें सांगितलें. शस्त्रक्रियेपूर्वीं मात्र पोट रिकामें हवें. भूल दिल्यावर घशाची राखण करणारी शक्तिही झोपते. पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत शिरलें तर प्राणावर बेततें. म्हणून बहुधा भाकरी, भात व वरचें दूध सहा तास आधीं, अंगावरचें दूध चार तास आधीं व नुसतें पाणी दोन तास आधीं बंद करितात. आपले डॉक्टर सांगतील तीच वेळ पाळावी. मूल भुकेनें रडूं लागलें कीं आजी पदराआडून बिस्किट देते. ती माया खरी, परंतु घातक. चुकून दिलेंच तर तत्काळ सांगावें. शस्त्रक्रिया पुढें ढकलली गेली तर त्यांत लाज नाहीं. लपविण्यांत मृत्यूचें भय आहे. तसेंच सर्दी, खोकला, ताप, दमा, चालू असलेलीं औषधें, हलणारा दांत, व घरांत पूर्वीं कोणास भुलीपासून झालेला त्रास, हें सर्व विचारण्यापूर्वींच सांगावें.

आदल्या रात्रीं मुलास घेऊन प्रार्थना करावी. तींत डॉक्टरांसाठीं व परिचारिकांसाठींही मागावें, आणि मुलास स्वतःचें भय स्वतःच्या शब्दांत देवापुढें बोलूं द्यावें.

विचारासाठीं प्रश्न : (1) आपल्या मंडळींत व्यंग असलेल्या मुलाच्या आईस कोण दोष देतें, व आपण तेव्हां गप्प बसतों काय? (2) मुलास घेऊन इस्पितळांत गेलेल्या कुटुंबाचीं घरीं राहिलेलीं मुलें व गुरें कोण सांभाळील?