शाळेचे काम व सहकाऱ्यांचा उत्साह

प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हाती अधिकार थोडा व जबाबदारी मोठी असते. द्विशिक्षकी शाळेत त्याचा सहकारी एकच. त्याखेरीज पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनी, शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद आणि गावकरी. यांपैकी कोणाचेही वेतन वाढविणे अथवा कमी करणे त्याच्या हाती नाही. सूचना-वहीत आदेश लिहून त्यावर सह्या घेता येतात. परंतु सहीने हजेरी मिळते, मन लावून केलेले काम मिळत नाही. मग हे काम कशाने मिळते, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. शेजारच्या जिल्ह्यातील उदाहरण

उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा, यांच्याजवळ पद नव्हते, पैसा नव्हता व शाळेचे शिक्षणही नव्हते. मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखण्यात व शेतीत त्यांचे बालपण गेले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या व हाती मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. असे असता ऋणमोचन येथील पूर्णेचा घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी आदी ठिकाणच्या धर्मशाळा अशी कितीतरी कामे त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक त्यांचे देहावसान झाले.

हुकूम करण्याचा कोणताही अधिकार नसलेल्या ह्या पुरुषाच्या मागे माणसे कामाला का लागत? केवळ साधुत्वावरील श्रद्धा हे त्याचे अपुरे उत्तर होय. त्यांची कामाची रीत बारकाईने पाहिली तर चार गोष्टी स्पष्ट दिसतात, आणि त्या चारही शाळेत आचरता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट : आरंभ आपल्या हाताने. गावात पाऊल टाकताच बाबा खराटा घेऊन रस्ता झाडू लागत. स्वच्छतेवरील व्याख्यान मागाहून, रात्रीच्या कीर्तनात. पाहुणा झाडीत आहे आणि आपण पारावर बसलो आहोत, हे दृश्यच गावकऱ्यांना उठवी. मुख्याध्यापक स्वतः परिपाठाला वेळेवर उभा असेल, तर वक्तशीरपणावर परिपत्रक काढण्याची वेळ सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट : सांगण्याऐवजी विचारणे. बाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे मुके जनावर मारावे काय, मुलास शाळेत घालावे की नाही, असे ते विचारीत व उत्तर श्रोत्यांच्या तोंडून घेत. दुसऱ्याने सांगितलेले माणूस विसरतो. चारचौघांत स्वतः उच्चारलेले मात्र त्याला बांधून ठेवते. शिक्षकाला ही रीत नवी नाही. वर्गात तो रोज प्रश्नाने शिकवितो. सहकाऱ्यांच्या बैठकीत मात्र ती सोडून देतो.

तिसरी गोष्ट : काम डोळ्यांना दिसेल एवढे व नेमके. गावात सुधारणा करा, असे म्हटल्याने कोणी जागचा हलत नाही. हा रस्ता, हा घाट, ही ओसरी, असे दाखविले म्हणजे प्रत्येकाला आपला वाटा कळतो. शाळेतही ‘गुणवत्ता वाढवा’ हे वाक्य निष्फळ ठरते. ‘तिसरीतील जी सहा मुले अजून जोडाक्षरे वाचू शकत नाहीत, ती दिवाळीच्या सुटीपूर्वी वाचू लागावीत’, हे वाक्य कामाला लावते.

चौथी गोष्ट : श्रेय व सत्ता यांपासून दूर राहणे. उभारलेल्या संस्था बाबांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. स्वतःच्या वा आप्तांच्या मालकीचे काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. आपल्या श्रमावर दुसरा नाव मिळविणार नाही, अशी खात्री असली की माणूस हात आखडता घेत नाही. म्हणून सहशिक्षकाने केलेल्या कामाची वाखाणणी त्याच्या नावानिशी सभेत व्हावी. त्याची चूक मात्र एकांतात, शाळा सुटल्यावर सांगावी. मुलांसमोर वा पालकांसमोर झालेला अपमान सहकारी वर्षानुवर्षे विसरत नाही.

२. कापूस वेचणीच्या दिवसांतील उपस्थिती

ह्या चार गोष्टींची खरी कसोटी यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या हंगामात लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडू लागतात. थोरली मुले वेचणीस जातात व थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहतात. पुसद, महागाव, उमरखेडकडील तांड्यांतून काही कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. पहिली-दुसरीत नुकतेच वाचू लागलेले मूल दोन-तीन महिने पुस्तकापासून तुटले तर अक्षरेही विसरते. परत आल्यावर वर्गात मागे पडते, लाजते व अखेर शाळा सोडते. नुकसान एका हंगामाचे दिसते. प्रत्यक्षात ते जन्माचे असते.

येथे पालकांना दोष देऊन काही साधत नाही. वेचणीची मजुरी ही त्या घराची मीठमिरची आहे. पुढील क्रमाने प्रयत्न करून पाहावा.

(अ) हंगामापूर्वीच, म्हणजे सप्टेंबरमध्ये, मुख्याध्यापक व सहशिक्षक यांनी मागील वर्षाचे हजेरीपट एकत्र बसून पाहावेत व गैरहजर राहण्याचा संभव असलेल्या मुलांची यादी करावी. यादी सहशिक्षकाच्या हस्ताक्षरात असावी. जो लिहितो तो त्या कामाचा धनी होतो.

(आ) गृहभेटीस प्रथम मुख्याध्यापकाने स्वतः जावे, आणि तेही पालक घरी असतील अशा वेळी, सायंकाळी. कोलाम पोडावर वा बंजारा तांड्यावर जाताना ती भाषा बोलणारा पालक सोबत घ्यावा. ‘मुलास का पाठवीत नाही?’ असे न विचारता ‘लहान मूल कोण सांभाळील, म्हणजे मुलगी शाळेत येऊ शकेल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने पालक मान खाली घालतो. दुसऱ्याने विचार करू लागतो.

(इ) शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक व निम्म्या सभासद स्त्रिया असतात. ह्या समितीपुढे तयार ठराव सहीसाठी ठेवू नये. यादी ठेवावी व उपाय विचारावा. कोणत्या घरची आजी कोणती मुले सांभाळू शकते, हे त्या माउल्यांइतके शिक्षकास ठाऊक नसते. समितीने सुचविलेला उपाय थोडा अपुरा असला तरी आधी तोच करून पाहावा.

(ई) दर शनिवारी किती मुले परतली ते फलकावर लिहावे, आणि ज्यांच्या खटपटीने परतली त्यांची नावेही लिहावीत. पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनींचे नाव त्यात आले तर ते वगळू नये. कोणत्या घरी चूल पेटली नाही, हे पुष्कळदा त्यांनाच प्रथम कळते.

३. एक सावधगिरी

स्वतःच्या हाताने आरंभ करणे याचा अर्थ सर्व काम स्वतः करणे असा नव्हे. उत्साही मुख्याध्यापक फलक लिहितो, अहवाल भरतो, भेटी देतो, आणि सहकारी हळूहळू प्रेक्षक होतो. त्या मुख्याध्यापकाची बदली झाली की शाळा पूर्ववत् बसते. बाबांचा खराटा इतरांनी झाडू हाती घ्यावा यासाठी होता. म्हणून पहिल्या दोन-तीन भेटींनंतर गृहभेटींचे काम सहशिक्षकाकडे सोपवावे, आणि त्याने ते निराळ्या रीतीने केले तरी मध्ये पडू नये. आपण रजेवर असताना काम चालू राहते काय, ही मुख्याध्यापकाची खरी परीक्षा होय.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत केवळ आदेशाने चालणारी व स्वेच्छेने चालणारी कामे कोणती? दोन्हींचा दर्जा ताडून पाहा.

२. गेल्या महिन्यात आपण कोणत्या सहकाऱ्याचे काम त्याच्या नावाने सभेत सांगितले?

३. आपल्या गावी वेचणीच्या काळात गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी करा. प्रत्येक नावापुढे, ते मूल परत येण्यास गावातील कोण साह्य करू शकेल, त्या व्यक्तीचे नाव लिहा. ज्या मुलापुढे कोणाचेच नाव लिहिता आले नाही, त्याच्या घरी प्रथम जा.