पडद्यापलीकडचं स्वच्छतागृह

प्रश्न : नागपूरहून विमानाने दिल्लीला जाताना मागे रांग होती म्हणून मधुमेही वडिलांना पुढच्या स्वच्छतागृहाकडे नेलं. हवाईसुंदरीने परत पाठवलं. त्यांना फार अपमान वाटला. आमचं चुकलं का? – एक वाचक, फुलसावंगी (ता. महागाव)

उत्तर : चूक म्हणवत नाही, पण विचारून गेला असतात तर बरं झालं असतं. एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए-३२० नियोचं उदाहरण घ्या. बिझनेसच्या जागा 8, त्यांना पुढचं एक स्वच्छतागृह. मागची दोन मात्र प्रीमियम इकॉनॉमी आणि इकॉनॉमी मिळून 156 जणांना. हिशेब डोळ्यांत खुपतो, कबूल. पण पडद्यापलीकडच्या निवांतपणाचेच तर जास्त पैसे घेतलेले असतात. शिवाय पुढचं स्वच्छतागृह कॉकपिटच्या दाराला लागून असतं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर जगभर त्या दारापाशी गर्दी नकोशी झाली. वैमानिक बाहेर येणार असेल तर कर्मचारी वाट अडवून उभे राहतात. तेव्हा बिझनेसवाल्यांनाही थांबावं लागतं.

सगळ्या जागा एकाच वर्गाच्या असतील, तर पुढचं स्वच्छतागृह सर्वांचंच.

बाबांसाठी पुढच्या वेळी तिकीट काढतानाच मागची, वाटेकडेची जागा घ्या. विमानात चढतानाच कर्मचाऱ्यांच्या कानावर मधुमेहाचं घाला. जेवणाची गाडी वाटेत यायच्या आत एकदा जाऊन या. तरीही निकड आलीच, तर बटण दाबून स्पष्ट सांगा. अशा वेळी कर्मचारी बहुधा स्वतःच पडदा बाजूला करतात.